नायट्रोजनची वर्गणी

तीस वर्षं मी पोस्टाच्या आवर्ती ठेवी गोळा केल्या,
आर्वीत, दारोदार.
म्हणून खजिनदार मीच,
असं तिमांडे म्हणाले, आणि अकराच्या अकरा हात वर.
कशासाठी गोळा करायचं ते मात्र
घरी नवऱ्याला सांगताना
मला दोनदा पाणी प्यावं लागलं.

मेल्यावर गार करून ठेवायचं.
जाळायचं नाही, पुरायचं नाही,
जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये
उणे एकशे शहाण्णव अंशांत
उभं ठेवायचं, डोकं खाली,
औषध निघेपर्यंत.

तिमांडे जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होते.
पहिल्या सभेला त्यांनी कागद आणले नाहीत,
गोऱ्हा आणला, दाव्याला धरून,
पांढरा, गवळाऊ, आठ दिवसांचा.
"याचा बाप मेला त्याले बारा वर्सं झाले.
म्याच पुरला, नाल्याच्या काठी.
मंग हा कोनाचा?"
कुणी बोललं नाही. गोऱ्ह्यानं शेडमध्ये शेण टाकलं.
रऊफ वेल्डर म्हणाला, लिहा माझं नाव.

मग हिशेब सुरू झाला आणि मरण मागे पडलं.
टाकी केवढ्याची, गाडी नागपूरहून किती दिवसांनी,
उन्हाळ्यात रोज किती उडून जातं.
विजेचं काम नाही, लाइन गेली तरी चालतं,
हे ऐकून सगळे पहिल्यांदा मनापासून खूश झाले.
नुसतं डोकं ठेवलं तर निम्म्याहून कमी खर्च.
"एकटं डोकं काय करन बाप्पा," चंपतराव म्हणाले,
"खर्रा कोन घोटन?"

धर्मादाय कार्यालयात बाबूनं
उद्देशाचा रकाना तीनदा वाचला.
"हे स्मशानात बसते का शीतगृहात?
शीतगृहाले सबसिडी आहे."
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
खरं सांगते, मोह झाला.

दरमहा दोन हजार.
दोघं तिसऱ्या महिन्यात गळाले.
एकीनं मुलीच्या बाळंतपणाला परत मागितले,
नियमात नव्हतं, मी दिले.
आणि प्रत्येक सभेच्या शेवटी, चहा आला की,
नगराळे सिस्टर तोच प्रश्न टाकायच्या:
"आपन सारे आत गेल्यावर
बाहेरून भरन कोन?"
इतिवृत्तात मी लिहायची, चर्चा पुढील सभेत.

मे महिन्यात तिमांडेच गेले.
सेहेचाळीस अंश. टाकीचे निम्मे पैसेही जमले नव्हते.
होतं ते फक्त बैलाच्या कांड्यांचं जुनं कंटेनर,
मांडीएवढं उंच,
तोंडातून माणसाची मूठ जात नाही.
मुलांनी अग्नी दिला. आम्ही सगळे गेलो,
पण कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना,
जणू त्यांची बस आपण चुकवली होती.

तेरवीनंतर पासबुक घेऊन त्यांच्या घरी गेले.
अठ्ठावीस हजार.
मंदाकिनीबाईंनी उघडूनही पाहिलं नाही.
त्यांचा यावर कधीच विश्वास नव्हता.
"मले नाही राहाचं बाई तुमच्या त्या गंजात,
एक खेप जगली तेवढं पुरे.
पन भराले येत जाईन मी.
चाळीस वर्सं घरात तेच पाह्यलं."

आता दर गुरुवारी येतात.
चपला बाहेर काढतात,
काहून काढता म्हटलं तर उत्तर देत नाहीत.
बूच उचलून लाकडी पट्टी आत सोडतात,
दहा मोजतात, काढून हवेत हलवतात.
पट्टीवर पांढरं हिव धरतं,
जिथवर धरलं तिथवर नायट्रोजन.
या उन्हात ते दिसतं जेमतेम श्वासभर,
तेवढ्यात वाचावं लागतं.

आत अजून तोच वळू आहे, सव्वीस कांड्या.
"साडेपाच बोटं," त्या म्हणतात.
"मागच्या गुरुवारी सहा होते."

मी लिहून घेते.